बाळ पेटीत असताना

आईला डिस्चार्ज मिळतो, पण बाळ एनआयसीयूतच, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातच राहतं. ओटी रिकामी, टाके ओले, आणि सगळा दिवस दाराबाहेरच्या बाकावर. आता सगळं डॉक्टरांच्या आणि मशीनच्या हातात, असं घरचे म्हणतात. तसं नाही. कमी दिवसांच्या बाळाच्या उपचारात आईवडिलांचा स्वतःचा वाटा असतो आणि तो दुसऱ्या कुणाला उचलता येत नाही.

आधी दुधाचं पाहू. बाळ अंगावर पीत नसलं तरी दिवसरात्र मिळून आठ वेळा दूध पिळून काढायचं, रात्रीचा खंड पडू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाशी जेमतेम चार थेंब चीक दिसतो आणि आई रडकुंडीला येते. ते टाकू नका. नळीवाटे गेलेला तेवढा चीकसुद्धा बाळाला जंतुसंसर्गाशी लढायला बळ देतो. आईचं दूध मिळणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्याचा गंभीर आजारही कमी होतो. आईचं पुरत नसेल तर दूधपेढीची चौकशी करा; मुंबईच्या शीव रुग्णालयात ती १९८९ पासून आहे.

आत गेल्यावर अंगठ्या-बांगड्या काढून, कोपरापर्यंत हात धुऊन, नर्सला विचारून बाळाला हात लावा. मात्र कुरवाळू नका. एवढ्या लहान जिवाला हलता स्पर्श सोसत नाही. एक तळवा डोक्यावर, दुसरा पायांशी, नुसता स्थिर ठेवा. मॉनिटर वाजला की काळजात धस्स होतं, पण पुष्कळदा पायाची पट्टी सैल झालेली असते. आकड्यांकडे नर्सचं लक्ष आहे. तुम्ही बाळाकडे बघा.

कांगारू पद्धतीत बाळाला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून धरतात. भारतासह पाच देशांतला एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं धरलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे पाव हिश्शाने घटले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे ८ ते २४ तास सुचवते. वडिलांनाही हे करता येतं. बिलं आणि औषधांच्या धावपळीत त्यांना कुणी छातीशी बाळ देतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. डॉक्टरांना तुम्हीच विचारा.

आता नातेवाइकांसाठी. ‘सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं नाही’ हे साफ खोटं आहे. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ सुधारण्याची शक्यता जास्त. ‘काय उचललं होतंस गं?’ हा प्रश्न तर बाळंतिणीला आतून पोखरतो. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच, त्यावरूनही तिला छेडू नका. डबा पोहोचवा, मोठ्या लेकराला शाळेत सोडा. खुशालीचे सगळे फोन एकाच माणसाने घ्यावेत.

बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप लागत नसेल, त्याच्याजवळ जायचीच भीती वाटत असेल किंवा दोन आठवडे रडू थांबत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला, तर तिला क्षणभरही एकटी सोडू नका.

खर्चाबद्दल: सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत.

आणि डोळे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा जन्मतः २ किलोहून कमी वजनाच्या बाळाचा पडदा चार आठवड्यांच्या आत तपासायलाच हवा, फार लवकर जन्मलेल्याचा त्याहून आधी. घरी नेताना फाइलवर ही तारीख नसेल, तर ती लिहून घेतल्याशिवाय निघू नका.