खारं वारं आणि हाय-फाय

वसई पश्चिमेला, खाडीपासून फार लांब नसलेल्या इमारतीत आमचा बारा बाय दहाचा हॉल आहे. त्यातच अँप्लिफायर, दोन मध्यम स्पीकर, टर्नटेबल, जुना कॅसेट डेक आणि कपाटभर रेकॉर्ड. इथे जून ते सप्टेंबर आर्द्रता बराच वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, आणि वारा येतो तो समुद्रावरचं मीठ घेऊन. हाय-फायची माहितीपुस्तकं थंड, कोरड्या देशांत लिहिलेली असतात, त्यांत आपला जुलै नसतो. म्हणून हे अनुभवाचे बोल.

१. आवाज बसला की हवेच्या नावावर बिल फाडू नका.

‘पावसाळ्यात हवा जड होते, म्हणून आवाज दबतो,’ असं चारचौघांत हमखास ऐकू येतं. खरं तर दमट हवा कोरडीपेक्षा किंचित हलकी असते, कारण पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका. राहिलं तापमान: दर अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. पारा २० वरून ३२ वर गेला तर एकूण फरक दोन टक्क्यांचा. बारा फुटी खोलीत जो खर्ज ४७ हर्ट्झला घुमतो तो ४८ ला घुमेल, एवढंच. बासरीवाल्याला हे दोन टक्के सुरात जाणवतात, स्पीकरच्या सुराला त्यांचा स्पर्शही होत नाही. तार आवाजाचं तर उलटंच आहे: आपल्या घरातल्या तापमानाला दमट हवा तो कमी शोषते. दहा किलोहर्ट्झला, तीन मीटरवर बसलं तर एसीतली हवा आणि पावसाळी हवा यांत डेसिबलच्या पाचव्या हिश्श्याइतकाही फरक पडत नाही. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत तो साठत जातो. आमच्या हॉलमध्ये साठायला जागाच नाही.

म्हणजे जुलैत आवाज बदलतो तो कानापर्यंतच्या तीन मीटरांत नव्हे. कारण स्पीकरच्या कागदात, फोममध्ये, पिनांवर आणि भिंतीत शोधावं.

२. पहिली खरेदी आर्द्रता मोजायच्या छोट्या काट्याची.

पाचशे रुपयांच्या आत मिळतो. रेकॉर्डच्या कपाटात ठेवा, भिंतीवर शोभेला नको. खोलीत ७० दाखवतो तेव्हा बंद कपाटात ८५ असू शकतात.

३. वूफरच्या कडेची रिंग फोमची आहे की रबराची, हे किंमत विचारायच्या आधी बघा.

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर. कोनला चौकटीशी जोडणारी ती मऊ कड बऱ्याच जुन्या स्पीकरांत पॉलियुरेथेन फोमची असते. हवेतलं पाणी या फोमच्या साखळ्या हळूहळू तोडत जातं. जाळी काढून अंगठ्याने हलकंच दाबून बघा: चांगला फोम दबून परत वर येतो, गेलेला अंगठ्याला चिकटतो आणि ओल्या केकसारखा तुटून हातात येतो. तोवर महिनोन्‌महिने आवाज बिघडतच असतो, पण इतक्या सावकाश की कान सवय लावून घेतो. खर्ज सैल होतो, मोठ्या आवाजाला फडफड येते, आणि शेवटी कॉइल घासायला लागते.

असा एक जोड घेऊन मी लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीसाठी गेलो होतो. कारागिराने कोन दोन्ही हातांनी वर-खाली करून कानाशी धरला, कॉइल घासत नाही याची खात्री केली आणि म्हणाला, “काका, स्पीकर सोन्यासारखा आहे. फक्त रिंग गेलीये. कुठे राहता? वसई? मग रबराची टाका, फोम लावून परत याल.” रबराची कड जरा जड पडते, त्यामुळे खर्जाचा पोत थोडा बदलतो, शुद्धतावादी नाक मुरडतात. खाऱ्या हवेत राहणाऱ्याने मुरडू नये. जुना स्पीकर विकत घेताना ‘चालू आहे’ या शब्दावर भरवसा ठेवू नका, जाळी काढायला लावा. विकणारा कां-कूं करू लागला तर समजून जा.

४. कागदी कोनला अर्धा तास द्या.

कागद ओलावा पितो, त्याने कोन थोडा जड आणि थोडा मऊ पडतो. तबल्याची पुडी पावसाळ्यात उतरते, वादक हातोडीने गठ्ठे ठोकून ती चढवतो. स्पीकरला गठ्ठे नाहीत. मात्र कॉइलची स्वतःची उष्णता आहे. मंद आवाजात अर्धा तास काहीही वाजत ठेवलं की मधल्या पट्टीतला चिखल बराच निवळतो, निदान मला तरी तसं ऐकू येतं. पॉलिप्रॉपिलीनच्या कोनला ही कटकट नाही, पण गायकाच्या आवाजाला कागदच गोड लागतो, हे माझं मत मी बदलणार नाही. रोज वाजणारी यंत्रणा पावसाळा बरा काढते. कापडाखाली झाकून ‘जपलेली’ आधी जाते.

५. खरखर ऐकू आली की यंत्र उघडायच्या आधी पिना बघा.

साध्या मिठाचा एक गुण इथे आपल्या मुळावर येतो: आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्रावरून आलेला मिठाचा अदृश्य थर पिनेवर बसतो, आणि पावसाळाभर बहुतेक वेळ ७५ च्या वर असलेल्या हवेत तो ओलाच राहतो. नायगाव-वसईच्या मिठागरांत उन्हाळ्यात जे सुकवतात, ते आमच्या अँप्लिफायरच्या मागे चार महिने पाझरत असतं. पितळेवर आधी काळपट छटा येते, मग पिनेच्या बुडाशी मोहरीएवढा हिरवा ठिपका. मग एका बाजूचा आवाज जातो, पिन जरा फिरवली की येतो.

उपाय साधा आहे. यंत्रणा बंद करून, भिंतीतला प्लग काढून, महिन्यातून एकदा प्रत्येक पिन काढून-घालून फिरवायची. त्यानेच निम्मं कीट खरवडून निघतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. व्हॉल्यूमचा नॉब खरखरत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर, एक फवारा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवणं. स्पीकरच्या तारेचं उघडं टोक हिरवं-काळं झालं असेल तर तेवढं कापून नवं सोला. या घरगुती सफाईने जेवढा फरक पडतो तेवढा हजारोंची वायर आणून पडताना मी पाहिलेला नाही.

६. पश्चिमेची भिंत रेकॉर्डना आणि स्पीकरना वर्ज्य.

तिला पावसाचा मार बसतो, रंगाला पोपडे येतात, लोणा धरतो. त्या भिंतीला टेकलेल्या एमडीएफच्या खोक्याची कड आधी फुगते आणि मग सांधा उकलतो. हातभर अंतर सोडा. खर्जाची घुमारी कमी होते, हा वरचा नफा. आणि उंची हवी: २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, तेव्हा तळमजल्यांवर जे जे जमिनीला टेकलेलं होतं ते गेलं.

७. पंखा हे वाद्य आहे, आणि बेसूर आहे.

पंखा बंद केला तर घाम, चालू ठेवला तर तंबोरा हलतो. हे शब्दशः. मिनिटाला ३०० फेरे आणि तीन पाती म्हणजे सेकंदाला १५ वेळा पातं छतावरून परतणाऱ्या आवाजाच्या वाटेत येतं. हार्मोनियमचा एकच लांब सूर लावा आणि पंखा पाचावर करा: सुराला बारीक कंप येतो. पंखा थांबवला की सूर सरळ. गर्दीच्या संगीतात हे लपतं, विलंबित ख्यालात नाही.

एसी हवा कोरडी करतो आणि पंख्यापेक्षा शांत असतो, पण त्याची वेगळी खोडी आहे. २४ अंशांपर्यंत गार झालेल्या खोलीतून निघताना तुम्ही खिडकी उघडता. बाहेर ३१ अंश, ८५ टक्के. या हवेचा दवबिंदू २८ च्या आसपास. म्हणजे तुमच्या यंत्रांचं थंड धातू-काच त्या क्षणी घामेजतं, सीडी प्लेअरचं भिंगसुद्धा. एसी बंद करून, दारं तशीच बंद ठेवून, खोली आपसूक तापू द्या; खिडकी नंतर. मी ऐकायच्या दोन तास आधी एसी ‘ड्राय’वर लावतो आणि आलापीच्या वेळी बंद करतो. ओलावा शोषणारं यंत्र आणलंत तर तेही असंच, आधी चालवायचं. त्याची घरघर एसीहून वाईट.

८. कॅसेटवर पांढरी भुकटी दिसली तर ती वाजवू नका.

ती बुरशी आहे. डेकच्या हेडवर चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला वाटली जाते. रेकॉर्डचं व्हिनाइल ओलाव्याला दाद देत नाही, बुरशी धरते ती कागदी वेष्टणाला. आतलं पाकीट प्लॅस्टिकचं घ्या, बाहेरचं पुठ्ठ्याचं कव्हर कपाटात सिलिका जेलच्या शेजारी उभं ठेवा. जेलचा रंग पालटला की कढईत मंद आचेवर भाजून परत वापरता येतं, मात्र ती कढई पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये. जुने रेडिओ दुरुस्त करणारे कपाटात तळाशी लहान पिवळा बल्ब लावून ठेवायचे. एलईडीने तो उपाय मारला, त्यात ऊबच नाही.

९. वाळत घातलेले कपडे हेही ध्वनिशास्त्र आहे.

पावसाळ्यात दोरी हॉलमध्ये येते. चादरी तार आवाज शोषतात, खोली छान शांत होते. पण त्याच चादरी लिटरभर तरी पाणी हवेत सोडतात. त्यात पावसामुळे खिडक्या बंद, म्हणून एरवी बाहेर निघून जाणारा खर्ज आत घुमतो. ज्याला ‘पावसाळी आवाज’ म्हणतात त्यातला बराचसा भाग मला वाटतं हा आहे: वरून चादरी, खालून बंद खिडक्या.

१०. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर हेडफोन लावा.

खिडकीवरच्या पत्र्याशी कुठल्याच अँप्लिफायरने स्पर्धा करू नये. फक्त गादी कापडाची घ्या. नकली चामड्याची गादीही बहुधा पॉलियुरेथेनचीच, फोमच्या रिंगेची चुलत बहीण. दोन-तीन पावसाळ्यांत तिचे पापुद्रे सुटतात. मग भरात आलेल्या भैरवीत मागून विचारणा होते, “अहो, कानाला काळं काय लागलंय?”