प्राणिसंग्रहालयातील शिबिरे आणि निसर्गशिक्षक

उन्हाळी शिबिरासाठी प्राणिसंग्रहालयात निसर्गशिक्षक म्हणून रुजू होणाऱ्या व्यक्तीकडून संस्था, पालक आणि मुले यांच्या अपेक्षा निरनिराळ्या असतात. परंतु एका पिंजऱ्यापुढून दुसऱ्या पिंजऱ्याकडे पळत सुटणाऱ्या मुलाला एकाच प्राण्यासमोर पुरेसा वेळ थांबवणे, हेच या कामाचे खरे प्रयोजन होय. वाघाचे वजन आणि अजगराची लांबी फलकावर लिहिलेली असते; ती वाचून दाखवण्यासाठी शिक्षक नेमावा लागत नाही. भारताच्या १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणातही, वन्यप्राण्यांविषयी प्रेक्षकाच्या मनात आस्था निर्माण करणे हे संग्रहालयांचे एक उद्दिष्ट मानले आहे, आणि आस्था ही आकडे पाठ करून येत नाही.

थांबवलेल्या मुलाला काहीतरी करायला द्यावे लागते. प्राणिवर्तनशास्त्रात, म्हणजे प्राण्यांच्या वागण्याचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या शास्त्रात, ठरावीक अंतराने नोंद घेण्याची एक पद्धत आहे. तीत दर मिनिटाला इशारा होताच प्राणी त्या क्षणी जे करीत असेल तेवढेच लिहायचे असते. जीन ऑल्टमन या अभ्यासिकेने १९७४ मध्ये निरीक्षणाच्या अशा पद्धतींची काटेकोर चिकित्सा केली. कारण पाहणाऱ्यावर सोडले तर तो नजरेत भरणारे तेवढे टिपतो आणि बाकीचे गाळतो. पुण्यातील कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात सांबरांसमोर मुलांना वही घेऊन बसवले, तर पहिल्या काही मिनिटांत बहुतेकांच्या वहीत ‘नुसते बसले आहे’ एवढेच उतरते. पुढे मात्र एखाद्याच्या लक्षात येते की सांबराच्या गळ्यातून एक फुगवटा वर सरकला, जबडा आडवा फिरू लागला, मग क्षणभर थांबला, घास खाली उतरला आणि पुन्हा दुसरा वर चढला. रवंथ हा शब्द त्या मुलाने पुस्तकात वाचलेला असतो, पण तो त्याला या क्षणी कळतो. म्हणून शिक्षकाने त्याआधी तो उच्चारण्याची घाई करू नये.

याच ठिकाणी पलायन-अंतराची कल्पना सांगता येते. प्राणी माणसाला जितके जवळ येऊ देतो आणि त्यापुढे आल्यास दूर पळतो, त्या मर्यादेला पलायन-अंतर म्हणतात. बाझेल आणि झुरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे संचालक राहिलेल्या हाइनी हेडिगर यांनी या संकल्पनेवर प्राणिसंग्रहालयांच्या रचनेचा विचार उभा केला. पिंजरा त्या अंतराहून लहान असेल, तर प्राण्याला दूर जायला जागाच उरत नाही, हे मुलांना तत्काळ उमगते, आणि कुंपणाला लोंबकळणे ते आपणहून सोडतात. प्राण्यांना डिवचणे, खाऊ घालणे किंवा गोंगाटाने त्रास देणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, हेही सांगावे, पण मागाहून. धाकाने गप्प बसलेले मूल पाहत नाही.

साप हातात देऊन मुलांची भीती घालवण्याचा मोह शिक्षकाने कटाक्षाने टाळावा. त्याने सापाला त्रास होतो, आणि घरी परतलेले मूल अंगणातल्या सापालाही हात घालू पाहते. त्याऐवजी संग्रहालयाने जपून ठेवलेली कात दाखवावी. ओठांपासून सुटत जाऊन पायमोज्यासारखी उलटी निघालेली ती कात उजेडात धरली, की डोळ्यांच्या जागी दोन गोल, पारदर्शक खवले दिसतात. सापाला उघडमीट करणाऱ्या पापण्या नसतात, डोळ्यावर हे खवले असतात आणि कातीबरोबर तेही निघून येतात. नागाच्या रोखून पाहण्याविषयी ज्या गोष्टी मुलांनी ऐकलेल्या असतात, त्यांचे उत्तर या काचेसारख्या खवल्यांत आहे.

एक प्रश्न प्रत्येक शिबिरात येतो: ‘याला कोंडून का ठेवले आहे?’ तो टाळू नये. काही प्राणी संग्रहालयातच जन्मलेले असतात, काही जखमी अवस्थेत आलेले असतात, काहींना जंगलात सोडणे शक्य नसते. जुन्नरच्या उसाच्या शेतांत वावरणारे बिबटे आणि तेथील माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र यांचे उदाहरण महाराष्ट्रातील मुलांना जवळचे वाटते. बंदिवासातील एखादा प्राणी तीच ती फेरी यंत्रवत मारत असेल, तर ते कोंडलेपणाच्या ताणाचे लक्षण असू शकते, हेही स्पष्ट सांगावे. ‘व्यायाम करतोय’ असे सांगणे ही फसवणूक आहे. अन्न लपवून ठेवणे, ओंडके टाकणे अशा उपायांनी प्राण्याला काही उद्योग देण्याला समृद्धीकरण म्हणतात, आणि त्याची खरी माहिती कीपरकडे असते. कोणता प्राणी आज जेवला नाही, कोण कोणावर गुरगुरतो, हे त्याला ठाऊक असते. म्हणून शिबिराच्या आखणीत त्याला सवडीनुसार बोलते करावे आणि त्याच्या बोलण्यात शिक्षकाने मध्ये पडू नये.

मे महिन्याच्या दुपारी बरेचसे प्राणी आडोशाला जातात. त्यांना बाहेर काढण्यासाठी जाळी वाजवू देऊ नये. निरीक्षण सकाळच्या वेळेत उरकावे, दुपार कातीसाठी व चित्रांसाठी ठेवावी, आणि तरीही एखादा प्राणी बाहेर आलाच नाही, तर मुलांना वहीत वेळ घालून ‘दिसला नाही’ असे लिहू द्यावे, कारण तीही रीतसर नोंदच असते.