रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी सोडू नकोस

अगं, तुझा फोन ठेवल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. कोलेस्टेरॉल आटोक्यात आलं म्हणून स्टॅटिन बंद केलीस. वर अ‍ॅलर्जीची गोळी हृदयालाही चालते असं कुणी सांगितलं, म्हणून ती रोज घ्यायला लागलीस. मी रागावत नाहीये. पण नीट ऐक, कारण त्या सांगणाऱ्याचं अर्धं खरं आहे, आणि असलं अर्धं खरंच जास्त फसवतं.

रिपोर्टमधला आकडा रक्तातला. दुखणं वाढतं ते रक्तवाहिनीच्या भिंतीत. तिथे मास्ट पेशी असतात. आपल्याला त्या शिंका, अंगावर उठणाऱ्या गांधी, दमा यांतून ठाऊक. त्यांच्यात हिस्टामिन, हेपारिन आणि प्रथिनं तोडणारी विकरं कणाकणांत भरलेली असतात, आणि पेशी चेतली की हे कण बाहेर पडतात. हेलसिंकीच्या पेट्री कोव्हानेन यांच्या गटाने १९८७ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं की या कणांतल्या हेपारिनला एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, चिकटतं आणि भक्षक पेशी ते कणांसकट गिळतात. गिळून गिळून त्या चरबीने भरतात, फेसाळ होतात. त्याच कणांतलं कायमेज नावाचं विकर एचडीएलच्या प्रथिनाचे तुकडे करतं, म्हणजे भिंतीतलं कोलेस्टेरॉल उचलून नेणाराच लंगडा होतो.

मला खरी धास्ती आहे ती याच्या पुढची. चरबीच्या थरावर तंतूंचं आवरण असतं, दुधावर साय धरावी तसं. मास्ट पेशींची विकरं ते कुरतडायला मदत करतात. ते फाटलं की रक्ताची गुठळी होते, आणि मग झटका. कोव्हानेन यांनीच १९९५ मध्ये हृदयविकाराने गेलेल्यांच्या धमन्या तपासल्या. आवरण फाटलेल्या किंवा झिजलेल्या जागी तिथल्या पेशींपैकी मास्ट पेशी ६ टक्के होत्या, निरोगी भागात जेमतेम ०.१ टक्के.

पुढे २००७ मध्ये मास्ट पेशी नसलेल्या उंदरांत हे थर कमी वाढलेले दिसले. त्या सांगणाऱ्याने बहुधा इथवरच वाचलं असावं. पण तुझी अ‍ॅलर्जीची गोळी हिस्टामिनचं काम अडवते, एवढंच. हेपारिन आणि कायमेज तिला दाद देत नाहीत. अशा गोळीने माणसाचा हृदयविकार टळतो हे सिद्ध झालेलं नाही. स्टॅटिनचं तसं नाही, तिच्यामागे हजारो रुग्णांवरच्या चाचण्या आहेत. आणि तुझा आकडा उतरला तो तिच्यामुळेच गं! ती थांबली की काही आठवड्यांत तो परत चढतो, आणि भिंतीत चिकटायला एलडीएल पुन्हा तयार.

अ‍ॅलर्जीसाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी जरूर घे, हृदयाच्या गोळीच्या जागी नको. आणखी एक. कधी औषधाने किंवा गांधीलमाशी चावून अंगावर गांधी आल्या आणि त्याबरोबर छाती आवळली, तर ती नुसती अ‍ॅलर्जी म्हणून घरी बसू नकोस. अशा वेळी हृदयाच्या धमन्याही आकुंचन पावू शकतात. याला कौनिस सिंड्रोम म्हणतात. तडक दवाखाना गाठायचा.

उद्याच डॉक्टरांकडे जा, गोळी किती दिवस बंद आहे ते न लपवता सांग, आणि ते म्हणतील तशी पुन्हा सुरू कर. संध्याकाळी मला फोन कर.