पहिला प्रिंटर घेण्याआधी

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी एखादे वडील हमखास खिशातून घडी घातलेलं कोटेशन काढतात. मुलाला टी-शर्ट आणि स्टिकर छापायचा व्यवसाय करायचा असतो. कोटेशन बहुतेक वेळा चोवीस इंची डीटीएफ मशीनचं, किंमत काही लाखांच्या घरात. मुलगा उत्साहात असतो, त्याने मशीनचे सगळे व्हिडिओ पाहिलेले असतात. वडिलांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो: हा नाद आहे की धंदा? मी मशीनबद्दल काही बोलायच्या आधी मुलाला विचारतो, "गेल्या सहा महिन्यांत तुझ्याकडे टी-शर्ट कोणी मागितले? आणि किती मागितले?"

हा प्रश्न त्याला अडवण्यासाठी नसतो. पहिलं मशीन कोणतं घ्यायचं, हे त्याच उत्तरावर ठरतं. शाई वापरणारं मशीन चालून जेवढं झिजतं, त्याहून जास्त नुसतं बसून बिघडतं. ज्याच्याकडे रोज काम आहे त्याला मोठं मशीन पोसतं. ज्याच्याकडे आठवड्याला चार टी-शर्ट आहेत, त्याला त्या मशीनलाच पोसावं लागतं.

डीटीएफमध्ये डिझाईन कापडावर थेट छापत नाहीत. ते प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापतात, ओल्या शाईवर गोंदाची बारीक पावडर पसरतात, ती गरम करून वितळवतात आणि मग हीट प्रेसखाली फिल्मवरचं चित्र कापडावर उतरवतात. सुती असो की पॉलिस्टर, काळं असो की पांढरं, सगळ्यावर छापता येतं, म्हणून सगळे त्याच्या मागे आहेत. काळ्या कापडावर रंग उठून दिसतात ते त्यांच्याखाली असलेल्या पांढऱ्या शाईमुळे. या शाईत टायटॅनियम डायऑक्साईड असतं. ते जड, म्हणून शाई स्थिर राहिली की तळाला बसतं आणि नळीत, डॅम्परमध्ये, शेवटी प्रिंट हेडच्या सूक्ष्म छिद्रांत घट्ट होतं. माझं पहिलं मशीन मी दिवाळीत गावी गेलो तेव्हा अकरा दिवस बंद ठेवलं होतं. परत येऊन नोझल चेक काढला तर पांढऱ्याच्या निम्म्या रेषा गायब. विकताना "याला मेंटेनन्स लागत नाही" असं सांगणाऱ्या विक्रेत्याने नंतर फोन उचलणं बंद केलं. हेड बदलावा लागला. त्या खर्चात एक चांगला हीट प्रेस आला असता, हे तेव्हा फार टोचलं होतं. 

म्हणून माझा सल्ला बहुतेकांना उलटा वाटतो: पहिली खरेदी प्रिंटरची करू नका, हीट प्रेसची करा. पंधरा बाय पंधरा इंचाचा साधा सपाट प्रेस सुरुवातीला पुरे होतो. घरात लावणार असाल तर त्यासाठी सोळा अँपिअरचा वेगळा प्लग आणि नीट अर्थिंग करून घ्या, कारण प्रेस दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेतो. छापलेली डीटीएफ फिल्म आता मोठ्या शहरांत मीटरवर मिळते. फाईल पाठवायची, फिल्म कुरिअरने येते. साठ सेंटिमीटर रुंदीच्या एका मीटरमध्ये छातीवरचे दहा सेंटिमीटरचे चाळीसेक लोगो बसतात. हे लोगो एकमेकांत नीट बसवण्याचं कौशल्यच पहिल्या वर्षीचा नफा ठरवतं. फिल्म विकत घेऊन काम केल्यावर महिन्याला किती मीटर लागते ते वहीत दिसू लागतं. फिल्मवर होणारा महिन्याचा खर्च मशीनचा हप्ता, शाई आणि वीज यांच्या बेरजेपुढे सलग चार-सहा महिने गेला, की मशीन घ्या. तोवर दुसऱ्याचं मशीन तुमच्यासाठी चालू द्या.

प्रिंटर हवाच असेल, हातात पैसा थोडा असेल आणि आसपास क्रिकेट-कबड्डीच्या स्पर्धा होत असतील, तर सब्लिमेशनचा विचार करा. आपल्याकडे शेकडो जणांनी एप्सनच्या एल मालिकेतल्या इंक टँक प्रिंटरपासून सुरुवात केली आहे. नवा प्रिंटर घ्यायचा आणि पहिल्या दिवसापासून त्यात सब्लिमेशनचीच शाई भरायची. एप्सनचा हेड पिझो पद्धतीचा असतो, म्हणजे शाई दाबाने बाहेर फेकतो. ज्या प्रिंटरमध्ये शाई तापवून फेकतात, तिथे उष्णतेनेच काम करणारी ही शाई चालत नाही. वेगळी शाई भरली की कंपनीची वॉरंटी संपते, हे मात्र वडिलांना आधीच सांगून ठेवा.

सब्लिमेशनचा कागद साधारण १९० ते २०० अंश सेल्सिअसला मिनिटभर दाबला की शाई वायू होऊन धाग्यात शिरते. प्रिंट हाताला लागतच नाही, धुऊनही जात नाही. पण कापडात हे फक्त पॉलिस्टरवर आणि फक्त पांढऱ्या किंवा फिक्या रंगावर. सुती टी-शर्टवर छापलेलं चित्र पहिल्या धुण्यातच विरून जातं. कित्येक मुलं हे न कळल्यामुळे पहिल्याच ऑर्डरला गिऱ्हाईक गमावतात. जर्सी, पांढरे मग, मोबाईल कव्हर, किचेन ही याची हक्काची कामं. आणि छापताना चित्र आरशातल्यासारखं उलटं करायला विसरू नका. विसरलात तर जर्सीवर उलटं आलेलं नाव पुसता येत नाही.

गोविंदा पथकाचे तीनशे टी-शर्ट, एकाच रंगात, पाठीवर मोठं नाव, अशी ऑर्डर आली तर यातलं काहीच नको. ती जवळच्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून करून घ्या. एकदा फ्रेम तयार झाली की पुढच्या प्रत्येक टी-शर्टला रंगापुरताच खर्च. या माणसांशी ओळख ठेवा, त्यांच्याकडे दोन महिने उमेदवारी करता आली तर त्याहून उत्तम.

आता स्टिकर. आपल्याकडे याला कोणी डिकॅल म्हणत नाही, रेडियम म्हणतात, मग ते चमकणारं असो वा नसो. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट गाडीच्या कंपनीकडूनच येऊ लागली आणि आता जुन्या गाड्यांनाही ती लागते. त्यामुळे रेडियमवाल्यांचं नंबर प्लेटचं काम आटलं. पण गाडीच्या काचेवरची नावं, दुकानाच्या दारावरचे वेळेचे फलक, टेम्पोच्या मागची वाक्यं, लग्नाच्या गाडीवरची जोडीची नावं हे सगळं आहेच. त्यासाठी प्रिंटर नव्हे, व्हिनाईलचा चिकट कागद पात्याने कापणारा कटिंग प्लॉटर लागतो. त्यात शाई नाही, म्हणून सुकण्याची भीती नाही. महिनाभर बंद राहिला तरी पातं बदलून पुन्हा सुरू होतो. हीट प्रेस आणि छोटा प्लॉटर ही जोडी नवशिक्यासाठी मला सगळ्यात सुरक्षित वाटते, कारण त्याच प्लॉटरवर टी-शर्टवर चिकटणारं व्हिनाईलही कापता येतं. जर्सीमागचे नंबर अनेकदा त्याचेच असतात.

मराठी मुलाला इथे एक गोष्ट शिकावी लागते, जी परदेशी व्हिडिओ सांगत नाहीत. कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये "आईचा आशीर्वाद" टाईप केलं की प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्या अक्षरात किंचित शिरलेली असते. पडद्यावर ते दिसत नाही, कारण सगळं एकाच रंगाने भरलेलं असतं. प्लॉटरला रंग कळत नाही, त्याला फक्त कड कळते. तो प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो आणि शिरोरेखेचे तुकडे होतात. म्हणून मजकुराचे कर्व्ह करायचे, मग सगळी अक्षरं निवडून वेल्ड करायची, म्हणजे जोडून एकच आकार करायचा, आणि वायरफ्रेममध्ये पाहून खात्री करायची की शिरोरेखेत एकही उभी रेघ उरलेली नाही. हे जमलं की अख्खा शब्द एकसंध निघतो. जादाचं व्हिनाईल चिमट्याने सोलताना इंग्रजीतलं एकेक सुटं अक्षर उचललं जायची भीती असते. देवनागरीत शिरोरेखा सगळ्यांना धरून ठेवते. अनुस्वाराचा टिंब मात्र निसटतो, त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

रंगीत फोटो असलेले स्टिकर स्वतः छापायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. घरच्या प्रिंटरच्या साध्या शाईचा स्टिकर पहिल्या पावसात ओघळतो. बाहेर टिकायला इको-सॉल्व्हंटची छपाई लागते, ती फ्लेक्सवाल्यांकडे चौरस फुटावर करून मिळते.

शिक्षणाचं काय, असं आई हळूच विचारते. शिक्षण सोडायचं नाही. मुंबईत शासकीय मुद्रण तंत्र संस्थेत मुद्रणाची पदविका आहे, आयटीआयमध्ये डीटीपी ऑपरेटरचा ट्रेड आहे, वस्त्रोद्योगाकडे ओढा असेल तर इचलकरंजीला डीकेटीई आहे. मुलगा कॉमर्सला असेल तर कॉमर्सच करू दे. हिशेब ठेवणारा छपाईवाला दुर्मीळ असतो. कर्ज हवंच तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, आणि हीट प्रेस, छोटा प्लॉटर, थोडा माल यांची सुरुवात साधारण तेवढ्यात बसवता येते. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. आणि सबसिडी मिळते एवढ्याच कारणाने मोठं मशीन घेऊ नका. सबसिडी मिळाली तरी हप्ता फिटत नाही.

अजून एक काम, आणि हे घरच्यांचं आहे. माल विकायच्या आधी मुलाने छापलेला एक काळा आणि एक पांढरा टी-शर्ट घरातल्या रोजच्या धुण्यात टाका. वेगळं जपून धुऊ नका. वडिलांनी ते घालून उन्हात फिरावं, आईने नेहमीसारखी इस्त्री करावी, फक्त प्रिंटच्या उलट बाजूने. पावसाळा असेल तर कापडात दमटपणा राहतो, म्हणून छापण्याआधी रिकामा टी-शर्ट पाच सेकंद प्रेसखाली घेतला होता का, हे मुलाला विचारा. दहा धुणी झाली की प्रिंटच्या कोपऱ्यावर नख फिरवून बघा. कोपरा उचलला गेला तर तापमान, दाब आणि वेळ वहीत लिहून पुन्हा छापायचं, आणि नवा टी-शर्ट पुन्हा धुण्यात.