ई-पाठांची स्वीकृती: काही अनुभवाचे बोल

ज्या संस्थेच्या प्रशिक्षण-विभागाचे काम मी पाहतो, तिने ग्रामीण भागातील आरोग्यसेविकांच्या उजळणी-वर्गांसाठी मूडल ही मुक्तस्रोत अध्ययन-प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर बसविली आणि तीवर चालणारे मराठी पाठ बाहेरच्या एका पुरवठादाराकडून करवून घेतले, तेव्हा करारनाम्यात पाठांच्या तांत्रिक स्वरूपाविषयी एकच कलम होते: सर्व पाठ स्कॉर्म मानकानुसार असावेत. पुरवठादाराने तसा दाखला जोडला, पाठ आले, सभागृहातील पडद्यावर ते सुरेख चालले, आणि देयक रीतसर मंजूर झाले. पुढे जे घडले ते सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच, की आज अनेक शाळा, महाविद्यालये, सहकारी संस्था आणि शासकीय कचेऱ्या याच वाटेने निघाल्या आहेत आणि त्यांच्याही करारनाम्यांत हेच एकुलते कलम मला वरचेवर आढळते.

पाठ सुरू झाल्यानंतर थोड्याच दिवसांत एका उपकेंद्रावरील आरोग्यसेविकेचा फोन आला. “सर, लसीकरणाचा धडा परत पहिल्या पानावरून सुरू होतोय. मी लिहिलेली सगळी उत्तरं गेली.” मी विचारले, “ताई, बंद करताना पडद्यावर काय आलं होतं?” “‘जतन झाले’ असंच आलं होतं, सर. म्हणून तर मी बंद केला.” त्याच सुमारास इतर केंद्रांवरूनही अशाच तक्रारी येऊ लागल्या, आणि त्यांत एक विलक्षण गोष्ट अशी होती, की ज्यांनी उत्तरे त्रोटक लिहिली होती त्यांचे पाठ सुखरूप होते, आणि ज्यांनी मन लावून सविस्तर लिहिले होते त्यांचेच श्रम वाया गेले होते.

याचा उलगडा होण्यासाठी या मानकाची घडण थोडी समजून घेतली पाहिजे. संगणकावरील पाठ एका यंत्रणेवरून दुसरीवर नेता यावेत, ही निकड प्रथम विमानउद्योगाला भासली. त्या उद्योगाची समिती 1988 साली स्थापन झाली आणि पाठाने प्रणालीशी कोणत्या शब्दांत बोलावे याचे पहिले संकेत तिने घालून दिले. पुढे 1997 साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने जो उपक्रम सुरू झाला, त्याने हे आणि इतर संकेत एकत्र गुंफून स्कॉर्म सिद्ध केले. त्याची 1.2 ही आवृत्ती ऑक्टोबर 2001 मधील, आणि ‘स्कॉर्म 2004’ या नावाची पुढची पिढी जानेवारी 2004 मधील असून, पहिली धरून तिच्या एकूण चार आवृत्त्या 2009 पर्यंत निघाल्या. मूडलची पहिली अधिकृत आवृत्ती ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी ऑगस्ट 2002 मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे 1.2 या आवृत्तीनंतर अवघ्या वर्षभरात; आणि आजही मूडल पूर्णत्वाने पाळते ती हीच जुनी आवृत्ती. ‘स्कॉर्मनुसार’ एवढेच लिहून आवृत्ती न लिहिणे म्हणजे पुरवठादाराला वाटेल ते देण्याची मुभा देणे होय.

स्कॉर्मचे पॅकेज म्हणजे वस्तुतः एक झिप फाइल, आणि तिच्या अगदी वरच्या पातळीवर, कोणत्याही पोटफोल्डरात नव्हे, आयएमएस-मॅनिफेस्ट नावाची एक्सएमएल फाइल असावी लागते; मालासोबत जशी बिल्टी येते, तशी ती आत काय काय आहे आणि आरंभ कोठून करावयाचा हे प्रणालीला सांगते. पाठ उघडला की तो प्रणालीकडे हजेरी लावतो, शिकणाऱ्याचे नाव विचारून घेतो, गुण, स्थिती आणि गेलेला वेळ कळवितो, आणि निघताना निरोप घेतो. मध्येच थांबलेल्या शिकणाऱ्याला पुन्हा त्याच जागी आणण्यासाठी जी माहिती लागते ती सर्व ‘सस्पेंड डेटा’ नावाच्या एका रकान्यात जाते, आणि 1.2 आवृत्तीत या रकान्याची मर्यादा 4096 चिन्हांची आहे.

आमच्या प्रकरणाचे मूळ याच रकान्यात होते. पाठातील लेखी उत्तरे पुरवठादाराने त्यातच ठेवली होती, आणि ठेवण्यापूर्वी ती वेबच्या पत्त्यांत वापरतात त्या टक्के-चिन्हांच्या सांकेतिक रूपात बदलली होती. रोमन अक्षर या रूपात एक चिन्ह व्यापते. देवनागरीचे प्रत्येक अक्षर, तसेच प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे स्वतंत्रपणे नऊ-नऊ चिन्हे व्यापतात. ‘लसीकरण’ हा साधा शब्द वेलांटी धरून सहा घटकांचा. रकान्यात तो चोपन्न चिन्हे अडवितो. या हिशेबाने 4096 चिन्हांत देवनागरीचे साडेचारशेच्या आसपासच घटक मावतात, म्हणजे जेमतेम एक परिच्छेद. त्यापलीकडे गेलेली नोंद आमच्या प्रणालीने नियमाप्रमाणे नाकारली आणि 405 क्रमांकाची चूक परत कळविली. परंतु पाठाने ती चूक वाचण्याची तसदीच घेतली नव्हती. नोंद पाठविली की ‘जतन झाले’ म्हणावयाचे, एवढेच त्याला शिकविलेले होते. एका कष्टाळू परिचारिकेला यंत्राने खोटे आश्वासन द्यावे, याचे मला त्या वेळी वाटलेले वैषम्य आजही कमी झालेले नाही.

पुरवठादाराचे म्हणणे असे, की त्याच्या मूडलवर हेच पाठ बिनबोभाट चालतात. आणि ते खरेही होते. मूडलमध्ये ‘स्कॉर्म स्टँडर्ड्स मोड’ नावाची एक कळ आहे: ती बंद असताना मूडल उदार होते आणि 1.2 च्या पाठांनाही मर्यादेहून अधिक मजकूर साठवू देते. चालू असताना मानकाचा शब्द न् शब्द पाळते. त्याच्याकडे ती बंद होती, आमच्याकडे चालू. या भेदातून मी जो नियम काढला तो प्रत्येक संस्थेने अवलंबावा अशी माझी आग्रहाची शिफारस आहे: पाठ स्वीकारताना ही कळ चालू ठेवावी आणि प्रत्यक्ष वर्गासाठी ती बंद करावी. स्वीकृतीच्या वेळी कठोर राहिल्याने पाठ उद्या दुसऱ्या कोणत्याही प्रणालीवर नेता येईल याची खातरजमा होते, आणि वर्गात उदार राहिल्याने शिकणाऱ्याचे नुकसान टळते. प्रणाली मुक्तस्रोत असल्याचा लाभ येथेच अनुभवास येतो, कारण नोंद का नाकारली गेली हे कोणाच्या मेहेरबानीवर न विसंबता आम्हांला थेट तिच्या संहितेत वाचता आले. शिवाय पाठ आणि प्रणाली यांच्यातील प्रत्येक देवघेव ओळीने दाखविणारा तपासणीचा पर्यायही मूडलच्या स्कॉर्म-व्यवस्थेत आहे. तो चालू करून निदान एक पाठ तरी आरंभापासून अखेरपर्यंत पाहिल्याखेरीज कोणत्याही दाखल्यावर सही करू नये.

तक्रार मान्य झाल्यावर पुरवठादाराने जो उपाय केला तो रोगाहून बिकट ठरला. स्कॉर्म 2004 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्याच रकान्याची मर्यादा 64000 चिन्हांची झाली आहे, हे पाहून त्याने सर्व पाठ त्या आवृत्तीत बदलून दिले. मूडलने ते घेतले, उघडले, चालविले, उत्तरेही टिकली. परंतु सर्व प्रकरणे पुरी झाल्याखेरीज चाचणी उघडू नये, हा आमचा दंडक त्याने आता मॅनिफेस्टमधील क्रमनियोजनाच्या नियमांवर सोपविला होता, आणि 2004 मधले ते गुंतागुंतीचे क्रमनियोजन मूडल राबवीत नाही. परिणाम असा झाला, की लसींच्या शीतसाखळीचे तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअस राखावे लागते हे प्रकरण न उघडताच कोणीही थेट चाचणी देऊ लागले. पाठ चालतो याचा अर्थ तो जसा रचला तसाच चालतो असा होत नाही; म्हणून 2004 च्या पाठांबाबत माझा सल्ला नकाराचा आहे. मोबाइलवर मूडलचे ॲप वापरून जोडणीविना शिकावयाचे असेल तर हा नकार अधिकच बळकट होतो, कारण ते ॲप 1.2 चेच पाठ चालविते.

अखेर आम्ही घडी बसविली ती अशी. प्रत्येक प्रकरण 1.2 चे स्वतंत्र आणि लहान पॅकेज केले. क्रमाचा दंडक मूडलच्या स्वतःच्या प्रवेश-निर्बंधांवर सोपविला, कारण ते त्याचेच काम आहे. आणि लांब लेखी उत्तरे पाठातून काढून मूडलच्या असाइनमेंटमध्ये नेली, जेथे ती शिक्षिकेला वाचताही येतात. या रचनेत स्थितीच्या शब्दाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. 1.2 मध्ये पूर्णता आणि उत्तीर्णता यांच्यासाठी एकच रकाना आहे: काही पाठ ‘कम्प्लीटेड’ कळवितात, काही ‘पास्ड’, आणि मूडलमध्ये पूर्णतेची अट लावताना यांपैकी एकाच शब्दावर खूण केली, तर दुसरा शब्द पाठविणाऱ्या पाठाचा विद्यार्थी सर्व काही पुरे करूनही अपूर्णच राहतो.

मोबाइलच्या बाबतीत आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. जुन्या पद्धतीचे पाठ सर्व नोंदी अगदी शेवटी, खिडकी बंद होता होता पाठवीत. क्रोम ब्राउझरने 2020 मध्ये त्या क्षणीची ती जुनी, उत्तराची वाट पाहत थांबणारी विनंती बंद केली. ज्या गावात सिग्नल येतो-जातो तेथे तर शेवटच्या क्षणाचा भरवसा कधीच नव्हता. पाठाने प्रत्येक पानानंतर ‘कमिट’ करून, म्हणजे नोंद पक्की करून घेऊन, पुढे गेले पाहिजे आणि उत्तर काय आले ते तपासले पाहिजे, हे कलम स्वतंत्रपणे लिहून घ्यावे.

एक्स-एपीआय किंवा सीएमआय-फाइव्ह ही नवी मानके घ्यावीत काय, असे मला पुष्कळ जण विचारतात. वर्गाबाहेरच्या, प्रात्यक्षिकातल्या अनुभवांची नोंद हवी असेल तर ती निश्चित उपकारक आहेत. परंतु त्यांच्यासाठी वेगळे नोंदभांडार चालवावे लागते आणि ते सांभाळणारे माणूसही लागते. ते माणूस नसलेल्या संस्थेने 1.2 वरच स्थिर राहावे.

मूळ फाइलींविषयी मात्र कोणीही सवलत देऊ नये. स्कॉर्म पॅकेज हे तयार झालेले फळ असते. त्यातील मजकूर सहजी बदलता येत नाही. फ्लॅशचे आयुष्य 31 डिसेंबर 2020 रोजी संपले, तेव्हा ज्यांच्यापाशी केवळ पॅकेजे होती त्यांचे फ्लॅशमध्ये केलेले पाठ मानकाशी सुसंगत असूनही थोड्याच दिवसांत निरुपयोगी झाले. म्हणून आमच्या नव्या करारनाम्यात देयकाचा अखेरचा हप्ता दोन गोष्टींवर अडवून ठेवला आहे: पुरवठादाराच्या प्रतिनिधीने आमच्या कठोर मूडलवर, साध्या मोबाइलवरून, दोन परिच्छेद मराठी मजकूर लिहून पाठ मध्येच बंद करावा आणि पुन्हा उघडून तो मजकूर जसाच्या तसा दाखवावा, आणि आमच्या कचेरीतील एका कर्मचाऱ्याने मूळ फाइल आमच्याच संगणकावर उघडून, एका वाक्यात दुरुस्ती करून, नवे पॅकेज पुरवठादाराच्या साहाय्याविना तयार करून पाहावे.