खेकडा, कृमि आणि पाटा

विक्रोळीच्या खाडीकांठीं तिवरांच्या चिखलांत सांपडणारी चिंबोरी आमच्या वाचकांस परिचित आहे. पहिल्या पावसांत भातखाचरांतून व ओढ्यांतून निघणारा गोड्या पाण्याचा खेकडा निराळा. त्याविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

कित्येक प्रदेशांत अशा खेकड्याच्या मांसांत फुप्फुसकृमीच्या अळ्या कोशांत दडून असतात. ह्या कृमीचें प्रथम वर्णन १८७८ सालीं प्राणिसंग्रहालयांतील वाघावरून झालें. रोग्याच्या थुंकींतून वा मळांतून अंडीं पाण्यांत जातात. अळी आधीं गोगलगाईंत व मग खेकड्यांत वाढते. कच्चा खेकडा खाणाऱ्याच्या पोटांत गेल्यावर ती आंतडें भेदून, श्वासपटल ओलांडून फुप्फुसांत ठाणें देते. खोकला व तांबूस कफ पाहून क्षयाचा भ्रम होतो, आणि क्षयाचें औषध व्यर्थ जातें.

चीनांत मद्यांत मुरविलेला व कोरियांत खारविलेला कच्चा खेकडा पक्वान्न मानतात; परंतु मद्यानें वा मिठानें कृमि खात्रीनें मरत नाहीं. आपल्या देशांत मणिपुरांत हा रोग आढळला आहे.

आमचें कालवण उकळतें, म्हणून आम्ही निर्धास्त असतों. परंतु नांग्या वाटून गाळलेला रस कच्चाच असतो, आणि त्याच पाट्यावर मग चटणी वाटली जाते! यास्तव रस चांगला उकळावा, मांस आंतपर्यंत शिजवावें, पाटा, वरवंटा व विळी कढत पाण्यानें धुवावी, हातही स्वच्छ करावे. खोकल्यांतून रक्त पडल्यास खेकडा खाल्ल्याचें डॉक्टरांस अवश्य सांगावें. ह्या रोगावर गुणकारी औषध आहे.