नवतपा सोसणारी फुलझाडे

विदर्भातल्या बागेला वर्षात दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली एप्रिलच्या मध्याला सुरू होते. नागपूर, चंद्रपूर, अकोला या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोचतो, दुपारभर कोरड्या झळा वाहतात, आणि २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. दुसरी परीक्षा जुलैत येते. वर्षभरातला बहुतेक पाऊस तीन-चार महिन्यांत पडतो आणि काळ्या चिकण मातीत तो मुळांशी साचून राहतो. फुलझाड निवडताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पहिलीच परीक्षा असते. अनुभव मात्र असा की, मे महिन्यातून सुखरूप निघालेली पुष्कळ झाडे ऑगस्टमध्ये मुळे कुजून जातात आणि दोष उन्हाला दिला जातो. या भागात झाड निवडायचे ते दोन्ही परीक्षांत उतरणारे.

ऊन लागणारे झाड आणि उष्णता सोसणारे झाड ही एकच गोष्ट नव्हे. पिटुनिया, डेलिया, शेवंती, फ्लॉक्स या सगळ्यांना भरपूर ऊन हवे, पण ते हिवाळ्याचे. बियांच्या पाकिटावर किंवा रोपाच्या चिठ्ठीवर 'फुल सन' लिहिलेले असले तरी ते ऊन कोणत्या गावचे, हे तिथे लिहिलेले नसते. परदेशी पुस्तकांतले 'झोन'चे आकडेही इथे कामाचे नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याचे प्रसिद्ध झोन हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानावरून ठरवलेले आहेत. ते झाड थंडीत किती तगते एवढेच सांगतात. अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९७ मध्ये उष्णतेचा वेगळा नकाशा काढला, पण त्यातही ३० अंशांवर जाणारे दिवस मोजले आहेत. नागपुरात ३० अंश म्हणजे सुखाचा दिवस. एकतीस आणि पंचेचाळीस यांना एकाच मापात घालणारा नकाशा या गावाला काय सांगणार?

उन्हाळ्यात झाडावर नेमके काय बेतते ते समजले की निवड सोपी होते. झाड पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ सोडते आणि त्यामुळे पान थंड राहते. कोरडा वारा ही वाफ इतक्या वेगाने ओढतो की मुळांकडून होणारा पुरवठा कमी पडतो. मग झाड छिद्रे मिटून घेते, पान तापते आणि त्याच्या कडा करपतात. मुळाशी पाणी असतानाही हे घडते. म्हणून दुपारी माना टाकलेले झाड पाहून धावत पाणी घालण्यात अर्थ नाही. ते सकाळी पाहावे. रात्रभरात ताठ झाले असेल तर त्याला तहान नाही. सकाळीही मान पडलेली असेल तर एक तर माती कोरडी आहे, नाहीतर मुळे कुजली आहेत. दोन बोटे मातीत खुपसली की यातले काय ते कळते.

या कसोटीवर पहिला मान कण्हेरीचा. तिच्या चिवट पानांच्या मागच्या बाजूला खोल खळगे असतात, पर्णरंध्रे त्या खळग्यांत लपलेली असतात आणि खळग्यांच्या तोंडाशी बारीक लव असते. त्यामुळे झळ थेट आत पोचत नाही. महामार्गाच्या दुभाजकावर टँकरच्या पाण्यावर जगणारी आणि जनावरे तोंड न लावणारी कण्हेर सगळ्यांनी पाहिलेली असते. ती ऊनही सोसते आणि पाऊसही. मात्र तिचे मूळ, खोड, पान, फूल सगळेच विषारी असते, हृदयावर परिणाम करणारे. छाटलेल्या फांद्या चुलीत किंवा शेकोटीत घालू नयेत. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया तर प्राणघातक असतात. लहान मुले आणि गुरे असलेल्या घराने या दोन्ही झाडांचा मोह टाळावा.

बोगनवेल मूळची ब्राझीलची. फिलिबेर कॉमेर्सां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ती १७६७ मध्ये रिओ दि जानेरोजवळ पाहिली आणि आपल्या सफरीच्या प्रमुखाचे, बूगँव्हिलचे, नाव तिला दिले. लोक जिला फूल म्हणतात ती रंगीत पाने असतात. खरे फूल म्हणजे त्यांच्या मधली बारीक फिकट नळी. रंगीत पान कागदासारखे कोरडे असल्याने नाजूक पाकळीसारखे एका दुपारीत कोमेजत नाही. तरी बोगनवेलीची तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते: वेल मांडवभर वाढली, फूल एक नाही. कारण बहुधा एकच, लाड. रोज पाणी आणि शेणखताचा मारा झाला की वेल पालाच काढत राहते. फेब्रुवारीत पाणी तोडावे, पाने किंचित लोंबू लागली की एकदा भरपूर द्यावे, पुन्हा तोडावे. बहर नव्या फुटीवर येतो, म्हणून एक बहर ओसरला की हलकी छाटणी करावी. दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर बोगनवेल लावूच नये. सावलीत ती नुसती काटे वाढवते. मूळ दुखावलेले तिला खपत नाही, तेव्हा पिशवी कापून माती न फोडता ती लावावी.

मोगरा या यादीत पाहून काहींना नवल वाटेल, कारण त्याला पाणी लागते. पण उन्हाळा हा त्याचा फुलण्याचा हंगामच आहे आणि बाजारात चैत्र-वैशाखात मोगऱ्याचे ढीग लागतात ते उगाच नव्हे. त्याचे सगळे गणित हिवाळ्यात ठरते. डिसेंबर-जानेवारीत पाणी थांबवून त्याला ताण द्यायचा, मग फांद्या निम्म्याने छाटून उरलेली पाने काढायची, बुंध्याशी माती हलवून कुजलेले शेणखत घालायचे आणि पाणी सुरू करायचे. नव्या फुटीच्या टोकांना मार्चपासून कळ्या धरतात. छाटणी न केलेला मोगरा हिरवागार दिसतो आणि दोन-चार फुलांवर बोळवण करतो. जमिनीत चुन्याचे प्रमाण जास्त असेल तर पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. अशा मातीत टाकलेले लोह चुन्यात अडकून बसते, म्हणून फेरस सल्फेटचे विरळ द्रावण संध्याकाळी पानांवर फवारलेले बरे. एक्झोऱ्याला हा त्रास मोगऱ्याहून कितीतरी जास्त होतो. कोकणातल्या तांबड्या आम्ल मातीत रस्त्याकडेला फुललेला एक्झोरा पाहून तो विदर्भातल्या काळ्या मातीत लावणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे.

सदाफुली मादागास्करची, पण इतकी रुळलेली की भिंतीच्या भेगेतही उगवते. तिच्यात दोन तट आहेत. अंगणात आपोआप रुजणारी जुनी गुलाबी-पांढरी जात काटक असते. ठेंगणी, मोठ्या फुलांची, नाना रंगांची संकरित सदाफुली उन्हाळा छान काढते, पण पावसाळ्यात बुंधा काळा पडून एका आठवड्यात बसते. ती पन्हाळीखाली किंवा सखल वाफ्यात ठेवू नये. 'ऑफिस टाइम' म्हणून ओळखले जाणारे पोर्टुलाका पानांतच पाणी साठवते. सकाळी ऊन चढले की त्याची फुले उघडतात आणि दुपारनंतर मिटतात. ज्यांना संध्याकाळीच गच्चीवर जायला सवड मिळते त्यांना ती क्वचितच दिसतात. अॅडेनियम खोडात पाणी साठवते. त्याला मे महिन्याची फिकीर नसते, मात्र पावसाळ्यात कुंडी आडोशाला घ्यावीच लागते, नाहीतर फुगीर खोड आतून मऊ होते. चाफ्याचीही तीच गत. हिवाळ्यात पाने गाळून उभा राहिलेला चाफा मेला समजून त्याला पाणी घालत बसणे हे त्याला मारण्याचे खात्रीचे साधन आहे.

बियांपासूनच्या हंगामी फुलांत गॅलार्डिया, झिनिया, पिवळा कॉसमॉस आणि गोम्फ्रेना उन्हाळ्याला पुरतात. बी फेब्रुवारीत टाकावे, म्हणजे कडक ऊन येईपर्यंत मुळे खोल गेलेली असतात. यांतला गॅलार्डिया सर्वांत भरवशाचा.

घाणेरी, म्हणजे लँटाना, उन्हात कोणाला हार जात नाही आणि फुलपाखरेही खेचते. तरीही ती लावू नये. शोभेसाठी या देशात आणलेले हे झुडूप व्याघ्र प्रकल्पांतल्या जंगलांत पसरून गवताची जागा खाते आणि गुरांना विषारी ठरते. पक्षी तिची फळे खाऊन बी कुठवर नेतील याचा नेम नाही. अंगण मोठे असेल तर एक बहावा लावावा. एप्रिल-मेमध्ये पाने झडलेल्या फांद्यांवर त्याचे पिवळे घोस लोंबतात आणि जमिनीतल्या वाढलेल्या झाडाला वेगळे पाणी लागत नाही. गुलमोहराची मुळे उथळ असतात आणि वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात. घराला लागून तो नको. तामण महाराष्ट्राचे राज्यपुष्प खरे, पण ते ओढ्याकाठचे झाड आहे. कोरड्या मुरमाड अंगणात ते कष्टी राहते.

निवड बरोबर असूनही रोप मरते तेव्हा बहुधा त्याच्या मुळाशी गोवले गेलेले ढेकूळ कारणीभूत असते. राज्यात विकली जाणारी कितीतरी रोपे आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या रोपवाटिकांतून ट्रकने येतात. गोदावरीच्या दमट काठावर वाढलेल्या या रोपांची मुळे प्रवासात उघडी पडू नयेत म्हणून चिकट मातीच्या गोळ्यात असतात. तो गोळा एकदा वाळला की विटेसारखा होतो. वरून घातलेले पाणी त्याच्या कडेने निघून जाते, भोवतीची माती ओली दिसते आणि मुळे मात्र कोरडीच राहतात. असे रोप आणल्यावर गोळा पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावा, बाहेरची माती बोटांनी अलगद सोडवावी आणि मगच लावावे. बोगनवेलीला मात्र नुसते भिजवावे, माती सोडवू नये. शिवाय ही रोपे शेडनेटखाली वाढलेली असतात; थेट उन्हात ठेवली तर दोन दिवसांत पाने भाजतात. आधी आठ दिवस सकाळचे ऊन, मग हळूहळू पूर्ण ऊन.

गच्चीवर उष्णता वरून येते तशी खालूनही येते. तापलेला स्लॅब कुंडीचे बूड भाजतो आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत पश्चिमेकडच्या बाजूची मुळे अक्षरशः शिजतात. कुंड्या विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर उचलून ठेवाव्यात, एकमेकींना खेटून ठेवाव्यात, आणि मातीवर पालापाचोळ्याचा किंवा नारळाच्या काथ्याचा थर द्यावा. मातीची कुंडी थंड राहते, पण लवकर सुकते. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेले झाड एकदा कोरडे पडले की कोकोपीट आकसून कुंडीपासून सुटते आणि पुन्हा भिजता भिजत नाही. उन्हात पडलेल्या रबरी पाइपातले पहिले पाणी हात पोळेल इतके तापलेले असते. ते बाजूला सोडून द्यावे. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर द्यावे.

विदर्भात घरोघरी कूलर असतो आणि त्याच्या टाकीतले उरलेले पाणी कुंड्यांना घालण्याची काटकसर सर्रास चालते. ती महागात पडते. ताट्यांवरून पाणी उडून जाते, क्षार मात्र टाकीतच राहतात आणि दर दिवशी वाढत जातात. बोअरचे पाणी असेल तर आणखीच. असे पाणी मिळालेल्या कुंडीच्या काठावर पांढरी पुटे चढतात आणि पानांची टोके तपकिरी होतात, जी उन्हाने करपल्यासारखीच दिसतात. एसीतून ठिबकणारे पाणी याच्या उलट: हवेतल्या बाष्पाचे ते पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते आणि कुंड्यांना चालते.

मे महिन्यात युरिया देऊ नये आणि मोठी छाटणीही करू नये. पानांच्या सावलीत राहिलेले खोड एकदम उघडे पडले की भाजते. बागप्रदर्शने आणि रोपांच्या गाड्या जानेवारी-फेब्रुवारीत येतात, तेव्हा सगळे फुललेले असते आणि हात खिशाकडे जातो. त्या दिवसांत हंगामी फुले खुशाल घ्यावीत. कण्हेर, बोगनवेल, मोगरा, चाफा, बहावा ही कायमची झाडे मात्र मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, उंचवट्यावर किंवा वाळू-मुरूम मिसळून निचरा केलेल्या खड्ड्यात लावावीत. पुढच्या नवतप्याच्या आधी त्यांना मुळे धरायला अकरा महिने मिळतात.